मसाल्याच्या डब्यातले स्क्रू

अप्पांच्या घरी जिऱ्याच्या वाटीत जिरंच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. स्वयंपाकघरातला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा महिन्यातून दोनदा तरी अंगणात जायचा आणि मोहरी, हळद, धणे यांच्या जागी त्यात मोटारसायकलचे स्क्रू बसायचे. मोहरीच्या वाटीत सीटखालचे, हळदीच्या वाटीत डाव्या बाजूचे, धण्यांच्या वाटीत उजव्या बाजूचे, असा क्रम ठरलेला होता. अक्का, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवशी मसाले कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवायच्या आणि फोडणीला उशीर झाला की अंगणाकडे तोंड करून विचारायच्या, आज गाडीलाच जेवायला वाढू काय. अप्पा मान वर न करता सांगायचे की तिला अजून भूक नाही.

मी तेव्हा नुकताच अळणावरजवळच्या आमच्या खेड्यातून हुबळीला आलो होतो. गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. नवनगरात अप्पांच्या घरावरची खोली भाड्याने मिळते असं कळलं, म्हणून बघायला गेलो. अप्पांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. अंगणात गाडी उघडी पडलेली होती. माझ्या हातात एक काळं प्लास्टिकचं पॅनेल दिलं आणि धर, वाकवू नको, एवढंच म्हणाले. मी पाऊण तास ते धरून उभा होतो. शेवटी ते गाडीवर बसलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि अक्कांना खोलीची किल्ली आणायला सांगितली. एवढा वेळ गप्प उभा राहणारा भाडेकरू पुन्हा मिळायचा नाही, असं त्यांचं मत पडलं होतं. खरं तर मी घाबरून गप्प होतो. ते मत पुढे फार दिवस टिकलं नाही.

आयुष्यभर त्यांनी गोकुळ रोडवरच्याच, आता बंद पडलेल्या एका कारखान्यात बसच्या आतले पत्रे बसवण्याचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर हातांना करायला काही उरेना, आणि दारात मोटारसायकल होती. तिच्या इंजिनातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती. ऑइल बदलायला ते चार लोकांसारखे मेकॅनिककडे जायचे आणि तिथे बाकावर पेपर वाचत बसायचे. पण त्या मेकॅनिकने बाजूच्या पॅनेलला हात लावला की पेपर खाली यायचा. गाडीचं अंग तेवढं अप्पांचं होतं. सीट, टाकीच्या दोन्ही बाजूंची पॅनेलं, शेपटीची पॅनेलं, हे सगळं काढायचं, पुसायचं आणि परत बसवायचं. कारण विचारलं तर एकच, आवाज येतोय. तो आवाज त्यांच्याशिवाय कोणाला ऐकू येत नसे. अक्कांचं म्हणणं होतं की तो गाडीतून नाही, रिकाम्या डोक्यातून येतो.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन वाळवायची. सकाळी ती उन्हात उभी करायची, कारण गार प्लास्टिक चिडकं असतंय, ऊन खाल्लं की नरमतंय. मग सगळ्या लपलेल्या स्क्रूंचा हिशेब लागेपर्यंत पॅनेलला बोटसुद्धा लावायचं नाही. त्यानंतर आंगठा मागे घालून, पॅनेल रबरात अडकवणाऱ्या एकेका खुंटीपाशी थोडं दाबून बघायचं आणि जिथून ते आपण होऊन सुटतंय तिथून सुरुवात करायची. "ओढायचं नाही, विचारायचं," हे ते मला, तम्मा म्हणजे धाकट्या भावा अशी हाक मारून, दर वेळी सांगायचे, जणू मागच्या वेळी सांगितलंच नव्हतं. बसवताना रबराला साबणाचं पाणी लावायचं आणि खुंट्या आत गेल्याचा आवाज मोजायचा. मोजणी कन्नडमध्ये असे, ओंदु, एरडु, मूरु. चार खुंट्या असताना तीनच आवाज आले तर पुन्हा सगळं उघडायचं. त्या वेळी शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा बंद व्हावा अशी त्यांची अपेक्षा असे आणि आश्चर्य म्हणजे तो बंद व्हायचा.

याचं कारण खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी चाकू-कात्रीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि गल्लीतल्या सगळ्या मोटारसायकली आदल्या दोन-तीन दिवसांत अप्पांच्या अंगणातून गेल्याशिवाय त्यांना हार चढत नसे. आतला वर्षभराचा चिखल निघायला नको काय. अप्पा स्वतः बौद्ध. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, घरात गाडीची पूजाबिजा काही नाही. "पूजा तुमची, स्क्रू माझे," असं म्हणून ते लोकांच्या गाड्या उघडायचे आणि नवमीला सगळ्यांकडून आलेलं खोबरं आणि चिरमुरे आवडीने खायचे. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरे कपडे घालून दोघं विहारात जायची. मी त्यांच्याकडे राहतो हे घरी कळलं तेव्हा आईने दोन दिवस फोनवर काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी, अक्का भाकरी थापून करतात का लाटून, ते विचारलं. थापून, असं सांगितल्यावर ती जरा मोकळी झाली.

मी राहायला गेलो त्याच वर्षी एक स्क्रू उरला. गल्लीतल्या नऊ गाड्या झाल्या होत्या, लोक हार घालून मोकळे झाले होते आणि डब्यातल्या जिऱ्याच्या वाटीत एक स्क्रू शिल्लक. अप्पा जेवले नाहीत. झेंडूच्या माळा बाजूला सारून त्यांनी चार गाड्या परत उघडल्या. एका मास्तरांची गाडी धारवाडला गेली होती, तर हे बस पकडून तिच्यामागे धारवाडला गेले. कापडाच्या दुकानासमोर ती उभी दिसल्यावर तिथेच गुडघे टेकून बसले आणि पॅनेल उघडायला लागले. दुकानाच्या वॉचमनने त्यांची कॉलर धरली. मास्तर पिशव्या सांभाळत बाहेर आले म्हणून सुटले. संध्याकाळी ते तोंड पाडून परत आले तेव्हा अक्का कुकर उचलत होत्या. दांडा अक्कांच्या हातात राहिला आणि कुकर भातासकट खाली. दांड्याचा स्क्रू सकाळी निघाला होता आणि तो हरवू नये म्हणून अक्कांनी, नाहीतरी तिथे स्क्रूच असतात, असा विचार करून वाटीत टाकला होता. दुसरा कोणी चिडला असता. अप्पा इतके खूश झाले की, तो स्क्रू गाडीचा नव्हता, हे सांगायला घरोघर गेले. भात आम्हाला त्या दिवशी मिळाला नाही.

माझ्याकडे तेव्हा गाडी नव्हती. दुसऱ्या वर्षी दाजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा, पाय मोडला. पाय प्लॅस्टरमध्ये गेला आणि चार महिन्यांची नवी गाडी गोठ्याशेजारी पडून राहिली. मला कारखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागत होत्या. ताईने दाजींजवळ शब्द टाकला. तिच्या सासूचा विरोध होता, पहिलीच गाडी घरातली आणि ती परक्याच्या हातात कशाला, असं त्या म्हणत होत्या. ताईने रेटलं. गाडी देताना दाजींनी मला अकरा अटी सांगितल्या, त्यातली शेवटची अशी की खंडेनवमीला गाडी दारात पाहिजे आणि जशी नेली तशी पाहिजे. ताईने मला बाजूला घेऊन एकच सांगितलं. "एक ओरखडा जरी आला तरी जन्मभर मला ऐकावं लागणार बघ. तुझ्यासाठी मी तोंड वर करून बोलले."

मी ती गाडी फुलासारखी वापरली. नवमीच्या दोन दिवस आधी ती अप्पांच्या रांगेत लावली तर माझा नंबर सहावा. घरचा माणूस म्हणून आधी घ्या, असं मी सुचवून बघितलं. घरचा माणूस शेवटी जेवतो, असं उत्तर मिळालं. मी मुळात उतावळा. दीड वर्ष हे काम बघत होतो, अर्ध्या वेळा पॅनेल मीच धरलं होतं. त्यात काय एवढं. त्याच सकाळी, अप्पा पहिल्या गाडीत गुंतलेले असताना, मी गाडी घराच्या मागच्या गार सावलीत नेली, सीट काढली, दिसले ते स्क्रू सोडले आणि शेपटीचं पॅनेल धरून ओढलं. सीटच्या पट्टीखाली एक स्क्रू राहिला होता. कट् असा आवाज झाला. खुंटी मोडली होती आणि पॅनेलला बोटभर तडा गेला होता.

पुढच्या अंगणात अप्पांची मोजणी एरडुवर थांबली. ते मागे आले, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. ताईचा चेहरा, तिच्या सासूचा चेहरा, सगळं एकदम दिसायला लागलं. मी नवं पॅनेल आणतो म्हणालो. शोरूमला फोन केला, तर त्या रंगाचं पॅनेल मागवावं लागेल, आठ दिवस लागतील. हातात दीड दिवस होता. अप्पांनी ते पॅनेल हलकेच सोडवून घेतलं, अंगणातल्या पाच गाड्यांना थांबायला सांगितलं आणि अक्कांकडे चहाची गाळणी मागितली. अक्कांना वाटलं चहा करायचाय. अप्पांनी कात्रीने गाळणीची जाळी कापली.

तडा आतल्या बाजूने जुळवून, त्यावर जाळीची पट्टी ठेवून, तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने ती जाळी ते प्लास्टिकमध्ये रुजवत गेले. खुंटीही तशीच उभी केली. वरून रबिंग पेपर, मग मेण. दुपारपर्यंत ते पॅनेल गाडीवर बसलं, चार आवाज आले, आणि मी नाक लावून शोधलं तरी तडा सापडेना. मला नाचावंसं वाटलं. कोणाला कळायचं नाही, असं मी चार वेळा म्हणालो असेन.

"नाही कळायचं," अप्पा म्हणाले. "म्हणून तूच सांग."

मी हसलो. ते हसले नाहीत. साबणाच्या पाण्यात हात धुता धुता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली आणि सांगताना एकदाही वर बघितलं नाही. कारखान्यात दोघादोघांची जोडी असायची, एकाने पत्रा धरायचा, एकाने स्क्रू मारायचे. अप्पांचं लग्न व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. एक नवी बस दुसऱ्या दिवशी मालकाच्या ताब्यात जायची होती. जोडीदार जेवायला गेला होता आणि अप्पांनी घाई करून ड्रायव्हरच्या डोक्यावरचा सनमायकाचा पत्रा एकट्याने ओढला. तो तडकला. त्यांनी तसाच स्क्रू मारून बसवला आणि तड्यावर देवाच्या फोटोची चौकट आणली. दुसऱ्या दिवशी मालकाने पूजा घातली आणि ड्रायव्हरने हार अडकवायला खिळा ठोकला, तर अर्धा पत्रा, चौकट आणि देव, सगळं मालकाच्या फेट्यावर. त्या बाजूचं काम कागदोपत्री जोडीदाराच्या नावावर होतं. त्याला आठ दिवस कामावरून घरी बसवलं. अप्पा गप्प राहिले. नवव्या दिवशी तो कामावर आला, पत्रा धरून उभा राहिला आणि धर म्हटल्यासारखं स्क्रूड्रायव्हर अप्पांच्या हातात दिला. पुढे सगळी वर्षं दोघं जोडीनंच राहिले, एका डब्यात जेवले.

"आधी सांगायचं राहिलं म्हणून राहिलं," अप्पा म्हणाले. "मग लाज वाटायला लागली म्हणून राहिलं. तुझं तर आज सकाळचंच आहे, तम्मा. ताजं आहे तोवर सांगून टाक."

मला त्यांचा राग आला. त्यांचं जुनं ओझं माझ्या ताईच्या डोक्यावर कशाला, असं वाटलं. नवमीला पहाटे निघून गाडी गावी घेऊन गेलो तेव्हा धारवाड ओलांडेपर्यंत माझं नक्की होतं की गप्प बसायचं. पण दारात ताई उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, पदराने आरसा पुसला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात काही सहन होईना. तिला आधी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिने माझं मनगट धरून मला कुबडी टेकून उभ्या असलेल्या दाजींपुढे नेलं आणि सासूच्या देखत म्हणाली, "ह्याला काहीतरी सांगायचंय. मी ऐकलंय, आता तुम्ही ऐका."

मी सांगितलं. सासू म्हणाल्या, मी म्हणत नव्हते काय. ते त्या म्हणणारच होत्या. दाजी एक शब्द बोलले नाहीत. पूजा झाली, ऊस बांधला, चाकाखाली लिंबं ठेवली, तरी बोलले नाहीत. ताई डोळे खाली घालून वाढत होती आणि मी पानातला पुरणाचा कडबू नुसता मोडत बसलो होतो. अर्धं जेवण झाल्यावर दाजींनी विचारलं, "गाळणी म्हणजे? चहाची?"

मग पॅनेल काढावंच लागलं. या वेळी एकही स्क्रू न विसरता, उन्हात, विचारून विचारून मी ते काढलं. दाजींनी आतली जाळी बोटाने चाचपली, नखाने खरडून बघितली, आणि मग ते पॅनेल घेऊन कुबडीवर लंगडत शेजाऱ्याकडे गेले. तिथून पुढच्या घरी. शोरूमला जमलं नसतं असं काम आपल्या गाडीला झालंय, हे सांगत संध्याकाळपर्यंत गाव फिरले. ताईने मागच्या दारी मला गाठून पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच रडली. सासू अजून अधूनमधून बोलतात, पण गाळणीवरून बोलतात.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी दुपारच्या बसने नवनगरला आलो. अप्पा आणि अक्का विहारातून येऊन बसली होती, अंगावर अजून पांढरे कपडे. नव्या गाळणीअभावी चहात पत्ती येत होती आणि अक्का त्याबद्दल बोलत होत्या. मी सगळं सांगितलं. दाजी पॅनेल काखेत मारून गावभर फिरले हे सांगताना मला हसू आवरेना. अक्काही हसल्या. चहा संपला, तरी अप्पांनी कप खाली ठेवला नाही. मग म्हणाले, गाडी काढ, रायापूरला जाऊ.

त्यांची गाडी मी पहिल्यांदाच चालवत होतो. एरवी कोणी चालवलेली त्यांना खपत नसे. मागे बसून ते माझ्या गियरला, ब्रेकला, खड्ड्यांना, सगळ्यांना नावं ठेवत होते, आणि रायापूर जवळ आलं तसं ते बोलणं बंद झालं. रस्त्यावर सगळीकडे माणसं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन एकमेकांच्या घरी चालली होती. पानं हातात द्यायची, बंगारासारखे, म्हणजे सोन्यासारखे, राहू म्हणायचं, थोरांच्या पाया पडायचं. जोडीदाराच्या घराचं दार उघडंच होतं. तो लुंगीवर खुर्चीत बसलेला, अप्पांपेक्षा वाळलेला, कानाला यंत्र लावलेला एक म्हातारा. अप्पांना बघून उठला आणि आधी त्यांच्या हातात पानं दिली. अप्पांनी ती घेतली आणि उंबऱ्यातच उभे राहून, कसलीही प्रस्तावना न करता, त्या बसचं, त्या पत्र्याचं सगळं सांगितलं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांना मोठ्याने सांगावं लागलं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकायला लागली.

जोडीदाराने सगळं संपेपर्यंत मान हलवली.

"मला ठाऊक होतं की," तो म्हणाला. "पडलेला पत्रा मीच उचलून ठेवला. चारी स्क्रूंच्या खाचा उभ्या, एका रेषेत. तशा तुझ्याशिवाय कोण लावतंय? माझे स्क्रू कुठंही तोंड करून थांबायचे."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुझं लग्न तोंडावर आलं होतं. माझं झालं होतं."

एवढी वर्षं झाली, मग नंतर तरी का बोलला नाहीस, असं अप्पांनी विचारलं ते अगदी हळू. मला वाटलं, त्याला ऐकूच गेलं नसणार.

"तू बोलशील म्हणून," जोडीदार म्हणाला. "दर दसऱ्याला वाटायचं, औंदा बोलतंय हे."

मी उंबऱ्याबाहेर होतो, तरी अप्पा रडतायत हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. तिथे थांबणं बरं दिसेना म्हणून मी त्या दोन माणसांना हाकललं आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आतून दोघांचं हसणं ऐकू आलं. मग अप्पांनी मला हाक मारली. "आत ये रे तम्मा. माझा जोडीदार बघून जा."